मधली मोकळी जागा

"सर, वरचे पुढचे दोन्ही दात गेले," डॉक्टरीण म्हणाली. "ठेवण्यात अर्थ नाही."

तिचा आरसा माझ्या तोंडात होता, म्हणून बरं. नाहीतर काहीतरी वाईट बोलून बसलो असतो. ही डॉक्टरीण शाळेत असताना माझ्याकडे सॅक्सोफोन शिकायला यायची. दहावीचं वर्ष आलं, आईबापांनी सॅक्स माळ्यावर टाकला आणि पोरगी डॉक्टर झाली. त्यामुळे तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती. सॅक्सोफोनच्या माउथपीसवर वरचे दात टेकतात. खालचा ओठ दुमडून रीडखाली, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या बोरूच्या पातळ पट्टीखाली घ्यायचा, वरून ह्या दोन दातांनी धरायचं आणि फुंकायचं. सगळा भार त्या दोघांवर. माझ्या दोघांनी चाळीसेक वर्षं तो सोसला आणि आता हात टेकले.

"क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाल्यावर काढ," मी म्हटलं.

"आत पू झालाय, सर. थांबलात तर शेजारचेही जातील. गोळ्या घ्या आणि पुढच्या आठवड्यात या."

"आणि वाजवायचं?"

ती हातमोजे काढत राहिली. मग म्हणाली, "कवळी बसवू. सवय झाली की बघू. पण पहिल्यासारखं येईल असं मी सांगत नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

खरं सांगायचं तर आधी मला बरंच वाटलं. सुटलो बाबा एकदाचा, असं वाटलं. रोज सकाळी उठून लांब सूर लावायचे, संध्याकाळी क्लासचा जिना चढायचा, लोकांच्या पोरांच्या बोटांकडे बघत बसायचं, ह्या सगळ्याचा मला कंटाळा आला होता आणि तो कबूल करायला कारण मिळत नव्हतं. आता कारण मिळालं. पण खासबाग मैदानापर्यंत चालत आलो तेवढ्यात डोकं फिरलं. कार्यक्रमाच्या आधीच दात जाणार, म्हणजे मधली जागा कोण वाजवणार?

ही मधली जागा काय, ते सांगतो.

मी मामाच्या बँडात वाढलो. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा आणि समोर नाचणारी वरात. आधी क्लॅरिनेट धरलं, मग मामानं सॅक्सोफोन दिला. पाहिजे ते गाणं ऐकून बसवायचं आणि जसंच्या तसं वाजवायचं. एखादा सूर इकडचा तिकडे झाला तर मामा चालता चालता पोटरीवर लाथ घालायचा. त्याच्यावर माझा राग नाही. वरातीला तेच लागतं. नवऱ्या मुलाच्या मित्रांना ओळखीची चाल पाहिजे असते, त्यांना तुमची करामत नको असते.

मग मी काही वर्षं मुंबईला एका हॉटेलात वाजवायला होतो. तिथं गोव्याचा एक म्हातारा सॅक्स वाजवायचा. जॅझ हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. त्यांचं सगळं वेगळंच. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, शेवटी पुन्हा सगळ्यांनी मिळून वाजवायची, आणि मध्ये ठेका चालू ठेवून जागा मोकळी सोडायची. त्या जागेत एकानं उभं राहून त्या वेळेला त्याच्या मनात येईल ते वाजवायचं. लिहिलेलं काही नाही, ठरलेलं काही नाही. माझी पाळी आली. कसंबसं काहीतरी वाजवलं, लोकांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली आणि तेच पुन्हा वाजवलं, आदल्या दिवसापेक्षा सफाईनं. म्हातारा खुर्चीवरून माझ्याकडे बघत म्हणाला, "ये तो तूने कल बजाया. आज का क्या है?"

एवढंच. पुन्हा कधी तो मला काही शिकवायला आला नाही. मामा आजारी पडला आणि मी कोल्हापूरला परत आलो, पण ते वाक्य सुटलं नाही. मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन क्लास काढला. चाली बांधायला लागलो. हलगीच्या ठेक्यावर सॅक्सोफोनच्या चाली, आणि प्रत्येक चालीत मध्ये मोकळी जागा. हलगी वाजवायला माझा लहानपणापासूनचा दोस्त, मामाच्या बँडात माझ्या बरोबरीनं चाललेला. त्याला जॅझ म्हणजे काय हे मी कधी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. "तू फुक, मी हाय," एवढाच आमचा करार.

कोल्हापुरात माझं नाव झालं नाही असं नाही. झालं की. "ते गिरणीवरचे सॅक्सवाले" म्हटलं की रिक्षावाला आणून सोडतो. माझ्या चाली दोन-चार ठिकाणी वाजल्या, बाहेरगावी बोलावणी आली, शाली मिळाल्या. पण क्लासमध्ये एक गोष्ट कधी झाली नाही. मोकळ्या जागेत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं स्वतःचं काही वाजवलं नाही. पहिल्या बॅचपासून सगळ्यांचं एकच पालुपद: "सर, तिथलं नोटेशन द्या की." अरे, तिथलं नोटेशन नसतं! "मग तुम्ही वाजवून दाखवा, आम्ही बसवतो." आणि बसवायचे. काय बसवायचे हो! हुबेहूब. शेवटी दर वर्षी कार्यक्रमात ती जागा मीच वाजवायचो. लोक म्हणायचे, सरांचा सोलो. मला तो सोलो वाटायचा नाही, पोरं जेवायला आली नाहीत म्हणून आईनंच सगळ्यांच्या ताटातलं खावं तसं वाटायचं.

ह्या वर्षीची गंमत ऐका. पावसाळ्यात एकदा क्लासमध्ये मी नव्या चालीतली मोकळी जागा वाजवून दाखवली. दात तेव्हाच हलायला लागले होते, पण मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मध्येच दात सरकला, माउथपीस निसटला आणि सूर फाटला, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा. मी तसाच पुढं गेलो. समोर सगळ्यांचे मोबाईल चालू.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे शिकणारा बँकेतला अधिकारी उभा राहिला आणि माझा सगळा सोलो त्यानं धडाधडा वाजवला. त्याच जागी आल्यावर मांजर ओरडलं. मला वाटलं, ह्याची रीड गेली. मग इंजिनिअरिंगची मुलगी उठली. तिचंही मांजर त्याच जागी. मग बँडात वाजवणारा एक जण, मग इचलकरंजीचे यंत्रमागवाले शेठ. सगळ्यांची मांजरं एकाच जागी, एकाच आवाजात. बँडवाला वर मला सांगतो, "सर, ती जागा लई अवघड हाय. नुसती ती बसवायला माझं दोन दिस गेलं."

"अरे गाढवांनो," मी ओरडलो, "तो माझा दात आहे!"

खालची गिरणी बंद पडावी इतक्या जोरात ओरडलो. कुणालाच काही कळेना. मुलगी रडकुंडीला आली. मग मी तोंड उघडून दात हलवून दाखवला, तेव्हा त्यांना हसावं का रडावं समजेना. मला मात्र समजलं होतं. आतून अगदी गळून गेलो. इतकी वर्षं शिकवलं आणि माझी पोरं माझा सडका दातसुद्धा जपून वाजवत होती. प्रेम होतं हो ते, मला काय कळत नाही का? पण त्या प्रेमाचं करायचं काय?

म्हणून डॉक्टरणीकडून येताना माझ्या मनानं एकच धरलं. दात जायचे तर जाऊ देत. मी परत वाजवीन न वाजवीन. पण एकदा, फक्त एकदा, त्या मोकळ्या जागेत कुणाचं तरी स्वतःचं माझ्या कानांनी ऐकू दे. नाहीतर मी शिकवलं काय? बोटं कुठं ठेवायची एवढंच?

क्लासला जाऊन सांगितलं, "माझे दात काढणार आहेत. ह्या वर्षी मध्ये मी नाही. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि मनात येईल ते वाजवायचं. मोबाईल बंद. माझं जुनं काही वाजवलं तर स्टेजवरून खाली उतरवीन."

सगळे बोटांची नखं बघायला लागले. मग बँकवाल्यानं विचारलं, "पण सर, साधारण कसं?"

ह्या सगळ्यात मांजर न ओरडलेला एकच विद्यार्थी होता, कारण त्याला तिथपर्यंत वाजवताच यायचं नाही. वारणानगरचे एक निवृत्त गृहस्थ. साखर कारखान्यात बॉयलरवर सगळी नोकरी गेली. एसटीनं यायचे, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना "या पावणं" म्हटलं आणि तेच नाव पडलं. वयानं माझ्याएवढेच. बोटं जाड, सॅक्सवरच्या दोन किल्ल्या एकदम दाबायची. मी त्यांना फक्त लांब सूर दिले होते: एक सूर धरायचा आणि दम संपेपर्यंत सोडायचा नाही. बाकीचे असल्या रियाजाला तोंड वाकडं करतात. पावण्यांना त्याचं काही वाटायचं नाही. छाती भात्यासारखी होती त्यांची.

एकदा मी विचारलं होतं, "पावणं, ह्या वयात हे खूळ कुठनं काढलंत?"

"कारखान्याच्या कॉलनीत ऱ्हायलो, सर, सारा जन्म," ते म्हणाले. "पाळीला भोंगा व्हायचा. त्यावर उठायचं, त्यावर जेवायचं. आता गावाकडं घर बांधलंय. बायको गेली. लई गप गप असतंय. कायतरी वाजावं वाटतंय, एवढंच."

आमच्याकडं येणाऱ्यांत बरेच जण असेच गप घरातून आलेले असतात.

ठरल्या दिवशी दात काढले. डॉक्टरणीनं ते कापसावर ठेवून मला दाखवले. पिवळे, झिजलेले, टोकाला माउथपीसची खाच पडलेली. "न्यायचेत, सर?" तिनं विचारलं. मी मान हलवली, नको. तिचेच डोळे भरून आले होते. घरी बायकोनं भाताची पेज दिली आणि म्हणाली, "तरी मी सांगत होते, त्या पिपाणीपायी तोंड जाईल तुमचं." मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला उलट ओरडायला दात नव्हते. बोलायला गेलो की नुसती हवा निघायची. चाळीस वर्षं तोंडानं पोट भरलं आणि आता त्याच तोंडाला भोक पडलं होतं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये. नेहमीचेच लोक: विद्यार्थ्यांचे आईबाप, बायका, नवरे, कंटाळलेली लहान मुलं. बाहेर अवकाळी भुरभुर चालू होती. असल्या हवेत माझी रीड खूश असते आणि हलगीचं कातडं सैल पडतं. दोस्त हॉलमागं रद्दी पेटवून हलगी शेकत बसला होता. शाळेचा शिपाई भांडायला आला तर त्याला म्हणाला, "शेकल्याबिगर ही बोलायची न्हाई, दादा. तुमी च्या घिऊन या." शिपाई चहा घेऊन आला.

मी पहिल्या रांगेत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चालीच्या समोर बसलो होतो, आत नव्हतो. मांडीवर हात कुठं ठेवायचे तेच कळेना.

चाल सुरू झाली. चांगली वाजवली सगळ्यांनी. तालीम चोख होती. आणि मग मोकळी जागा आली. सगळे थांबले, फक्त हलगी चालू राहिली. कुणी उठेना. दोस्तानं ठेक्याचा एक फेरा पुरा केला, दुसरा केला. बँकवाला माझ्याकडे बघतोय, मुलगी बँकवाल्याकडे बघतेय, इचलकरंजीचे शेठ छताकडे. मागं कुणीतरी खोकलं. उठून पळून जावं वाटलं. झालं, म्हटलं, हे असंच संपणार. सगळ्या जन्माची शिकवणी एका रिकाम्या ठेक्यावर संपणार.

शेवटी दोस्तच हलगी वाजवता वाजवता ओरडला, "आरं, कुणीतरी उठा की लेकानू! माझा हात भरून आला!"

लोक हसले. आणि त्या हशात पावणे उठले.

ते कडेला होते, त्यांना मी मुद्दामच कडेला बसवलं होतं. उठताना खुर्ची पडली. त्यांनी डोळे मिटले, सॅक्स तोंडाला लावला आणि एक सूर लावला. खालचा, जाडा. त्यांना येत होता तेवढाच. पण तो त्यांनी धरला, आणि धरता धरता वर चढवला, हळूहळू, पाळीचा भोंगा वाफेनं चढावा तसा. हॉलमधली भिंत हादरायला लागली. एक लहान मूल कानांवर हात ठेवून आईच्या कुशीत शिरलं. सूर वर जाऊन थांबला, थरथरला, आणि तसाच सावकाश खाली उतरत उतरत दम संपला तिथं संपला. दुसरा सूर नाही, एखादी हरकत-मुरकी नाही, काही नाही. ते खाली बसायला गेले तर खुर्ची नव्हती.

लोक पुन्हा हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी चाल उचलायला उशीर केला आणि शेवट सगळा विस्कटला. मी पहिल्या रांगेत बसून रडत होतो. लाज वगैरे काही वाटली नाही. त्यांच्या गप पडलेल्या घरातलं सगळं मला ऐकू आलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर दोस्त हलगी काखेत मारून आला. "काय रं, कुणाचं वाजिवलं त्यानं? तुझं तर न्हवतं."

"त्याचं," मी म्हटलं.

"मग ब्येस," तो म्हणाला आणि विडी शोधायला लागला.

पावणे मागं उभे होते, परीक्षेत नापास झाल्यासारखे. "सर, चुकलं काय?" त्यांनी विचारलं. मी नुसतं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे. शेवटची एसटी गाठायला ते घाईनं निघून गेले.

पुढच्या आठवड्यात क्लासचा जिना चढताना मला जरा हलकं वाटत होतं. कवळीचं माप देऊन आलो होतो. वरून सॅक्सचा आवाज येत होता. दारात पोचलो आणि थांबलो.

एक लांब सूर, खालचा, जाडा. वर चढला, थांबला, थरथरला, सावकाश उतरला. बँकवाला वाजवत होता. तो झाल्यावर मुलीनं तोच वाजवला. मग बँडवाल्यानं, मग शेठनी. कुणीतरी कार्यक्रमाचं मोबाईलवर घेतलेलं ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी बसवला होता. थरथरसुद्धा मोजून तेवढीच. शेठनी तर उठतानाच खुर्ची पाडली, का, तर कार्यक्रमात तसा आवाज झाला होता.

"सर, बरोबर येतंय का?" मुलीनं विचारलं. तोंडावर केवढा आनंद!

मी बाकावर बसलो. ओरडायचं त्राण नव्हतं आणि ओरडायला तोंडही नव्हतं. खाली गिरणी घरघरत होती. मी मनात म्हटलं, बस झालं. कवळीचं माप परत घे म्हणून डॉक्टरणीला सांगतो, खोलीची किल्ली मालकाला देतो आणि घरी जाऊन पेज पितो.

तेवढ्यात पावणे आले. एसटी चुकली म्हणून वडापच्या खचाखच भरलेल्या जीपनं आले होते, अंगावर धूळ. आल्या आल्या सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. "काका, तुमचा तो सोलो! वाजवा ना एकदा, आमचं बरोबर आहे का बघतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला, वाजवा म्हणून. म्हटलं, आता हेही होऊन जाऊ दे.

पावण्यांनी सॅक्स गळ्यात अडकवला, रीड ओली केली आणि डोळे मिटले. लांब सूर आलाच नाही. छोटे छोटे तुटके सूर आले, दोन इथं, एक तिथं, मध्ये बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. वडापच्या खिडकीतून बघत आल्यासारखं काहीतरी. मध्येच बोट चुकलं, तर ते त्या चुकीवरच दोनदा परत गेले, तिथं त्यांना बरं वाटलं असावं. मग आपोआपच थांबले.

बँकवाला मोबाईलमध्ये बघत होता, हे कुठलं म्हणून.

पावण्यांचा चेहरा पडला. "आज परवासारखं आलं न्हाई, सर," ते म्हणाले. "कसं केलतं तेच आठवंना. ह्यांच्या मोबाईलवर हाय म्हनं. ऐकून परत करू काय?"

"नको," मी म्हटलं. दात नसल्यामुळे ते नीट उमटलं नाही, म्हणून मी उठलो, बँकवाल्याच्या हातातला मोबाईल उलटा करून बाकावर ठेवला आणि पुन्हा म्हटलं, "नको. पुढं वाजवा."

त्यांनी पुन्हा सॅक्स तोंडाला लावला. ते आता काय वाजवणार, हे मला ठाऊक नव्हतं.